सोसले, पण मुकाट्याने नव्हे

हे पंडिता रमाबाईंचे चरित्र नाही. चरित्रे पुष्कळ झाली आहेत आणि त्यांतली काही फार चांगली आहेत. या पुस्तकापुढे प्रश्न एकच आहे. आठ वर्षांत आई, वडील, बहीण, भाऊ आणि नवरा गमावलेली, पुढे ज्यांनी आधार दिला त्यांच्याशीही सतत खटके उडालेली, कानांनी अधू झालेली आणि आयुष्याच्या अखेरीस एकुलत्या एका मुलीला मूठमाती द्यावी लागलेली ही बाई कडवट का झाली नाही?

आमच्या मंडळ्यांत याचे उत्तर तयार असते : विश्वासामुळे. उत्तर खोटे नाही, पण ते इतक्या चटकन दिले जाते की ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आमच्याकडे साक्ष देण्याची पद्धत आहे. भक्तीच्या वेळी कोणी उभा राहतो, आजारपण सांगतो, गेलेली नोकरी सांगतो, घरातला मृत्यू सांगतो आणि पाचव्या-सहाव्या वाक्याला सगळे सुरळीत झाल्याचे सांगून खाली बसतो. मंडळी आमेन म्हणते आणि पाळकसाहेब पुढचे गीत जाहीर करतात. साक्षीला माझा आक्षेप नाही. पण ज्याचे अजून काहीच सुरळीत झालेले नाही, तो माणूस मागच्या बाकावर बसून राहतो आणि हळूहळू यायचाच बंद होतो, हे मी पाहिले आहे. त्याला वाटते, आपला विश्वास कमी पडला. खरे तर त्याला बोलायला जागाच दिलेली नसते.

पवित्र शास्त्रात ती जागा आहे आणि चांगली ऐसपैस आहे. ईयोबाचे पुस्तक बेचाळीस अध्यायांचे. आपल्या बोलण्यात ईयोब येतो तो सोशिकपणाचा नमुना म्हणून, आणि तो नमुना पहिल्या दोन अध्यायांतला असतो. सात मुलगे, तीन मुली, गुरेढोरे, सगळे गेले आणि अंगभर गळवे घेऊन तो राखेत बसला, तरी त्याने देवाला दोष दिला नाही. पण तिसऱ्या अध्यायात तो तोंड उघडतो आणि स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो. तिथून पुढे अध्यायामागून अध्याय तो देवाशी भांडतो. समोर ये, माझा गुन्हा काय ते सांग, असे तो देवाला बजावतो. एलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र मात्र देवाची बाजू घेऊन बोलतात : देव न्यायी आहे, तेव्हा चूक तुझीच असणार. त्यांची भाषा निर्दोष आहे. आजही कुठल्याही सांत्वन सभेत ती खपून जाईल. आणि शेवटी देव काय निवाडा देतो? माझ्याविषयी ईयोब जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असे तो त्या मित्रांना सुनावतो. भांडणारा बरोबर ठरला आणि वकिली करणारे चूक. दुःखाचे कारण मात्र देवाने ईयोबालाही सांगितले नाही. हे मला या पुस्तकातले सर्वांत प्रामाणिक वाटते.

स्तोत्रसंहितेचेही तसेच. दीडशे स्तोत्रांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक विलापाची आहेत. आपण मुलांकडून तेविसावे पाठ करून घेतो, अठ्ठ्याऐंशीवे कोणी करून घेत नाही, कारण ते अंधारात सुरू होऊन अंधारातच संपते. पण बायबल जमवणाऱ्यांनी ते गाळले नाही. येशू वधस्तंभावरून ओरडला तेही बाविसाव्या स्तोत्रातल्या विलापाचे शब्द होते. शुभ शुक्रवारी सात उद्गारांवर प्रवचने होतात तेव्हा चौथ्या उद्गाराच्या वक्त्याची पंचाईत होते आणि तो बहुधा घाईघाईने पुनरुत्थानाकडे वळतो. वळू नये, निदान त्या दिवशी तरी.

मला म्हणायचे आहे ते असे. कडवट माणूस भांडत नसतो. त्याने भांडण केव्हाच सोडून दिलेले असते, हिशेब मात्र जपून ठेवलेला असतो. गाऱ्हाणे घालायला ज्याच्यापाशी कोणी उरत नाही, त्याचे दुःख आत मुरते आणि पुढे ते भलत्याच माणसांवर निघते, सुनेवर, शेजाऱ्यावर, मंडळीतल्या नव्या कुटुंबावर. ख्रिस्ती विश्वास दुःख कमी करतो असे मला दिसलेले नाही. पण गाऱ्हाणे ऐकणारा कोणी आहे, आणि तो स्वतः वधस्तंभावर चढलेला आहे, हे हा विश्वास माणसाला विसरू देत नाही. रमाबाईंच्या आयुष्यात मला हे सर्वांत स्पष्ट दिसले, म्हणून हे पुस्तक त्यांच्याभोवती लिहिले.

1858 साली जन्मलेल्या रमाबाई पुराणिकाच्या घरात वाढल्या. अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. आईने ते रमाबाईंना शिकवले. सारे कुटुंब तीर्थोतीर्थ हिंडत पुराणे सांगे आणि मिळालेले द्रव्य दानधर्मात घाली. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. 1907 साली प्रसिद्ध झालेल्या ‘साक्षी’त रमाबाईंनी ते दिवस लिहिले आहेत. गाठचे धान्य संपले, भीक मागायची लाज, कष्टाच्या कामाची सवय नाही. उच्च जातीची माणसे म्हणून मजुरी करायची नाही, तेव्हा मरायचे ठरवून सगळे रानात गेले. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि रानखजुरांवर काढले. दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्या वडिलांनी तळ्यात देह ठेवायचे ठरवले. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी जातीचा अभिमान सोडतो, मजुरी करतो, पण तुम्ही असे करू नका. थोड्याच दिवसांत वडील तापाने गेले. हे 1874 साल. त्यानंतर काही आठवड्यांतच आई गेली. शेवटच्या आजारात आई अन्न मागत होती. रमाबाई एका बाईच्या दारात गेल्या, पण मागायला तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईनेच ओळखले आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. आईला तो खाता आला नाही. स्मशान लांब, खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ, आणि चौथ्या खांद्याच्या जागी सोळा वर्षांच्या रमाबाई. उंची कमी पडत असल्याने त्यांनी आपल्या बाजूचा भार खांद्याऐवजी डोक्यावर घेतला.

मला इथे नेहमी थांबावे लागते. एवढ्यावरच एखादे माणूस जन्मभराचे कडू झाले असते तर त्याला नावे ठेवायला कोणाची जीभ रेटली असती? आणि हे तर आरंभाचेच. मग बहीण पटकीने गेली. बहीण-भाऊ पायी पंजाबापर्यंत गेले. थंडीच्या रात्री अंगावर पांघरूण नाही, म्हणून झेलमच्या काठी त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून वाळू अंगावर ओढून घेतली. 1878 साली दोघे कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या शास्त्रीपंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, सभा भरल्या, वर्तमानपत्रांत नाव आले. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, भाषा वेगळी. 1881 साली मनोरमा झाली आणि ती वर्षाची व्हायच्या आत, फेब्रुवारी 1882 मध्ये, बिपिनबाबू पटकीने गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत ही बाई विधवा आणि पोरकी झाली होती.

त्या अजून ख्रिस्ती नव्हत्या, हे लक्षात ठेवले पाहिजे. आमच्याकडच्या काही पुस्तकांत त्यांचे सगळे धैर्य बाप्तिस्म्याच्या खात्यावर टाकलेले असते. ते बरोबर नाही. शिक्षणाचा आग्रह आणि हलक्या समजल्या जाणाऱ्या कामाला हात घालायची तयारी त्यांनी माहेराहून आणली होती. मजुरी पत्करणारा श्रीनिवास पुढच्या केडगावच्या कामाच्या मुळाशी आहे, असे मला वाटते. विश्वासाने त्यांना नवे काय दिले, ते मागाहून दिसते.

पुण्यात येऊन आर्य महिला समाज काढल्यावर 1883 साली त्या वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाकडे उतरल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. रमाबाईंना ऐकू कमी येऊ लागले होते, त्यामुळे वैद्यकीही हुकली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. मायदेशात गहजब झाला.

बाप्तिस्म्यानंतर त्या निमूट झाल्या असतील असे ज्यांना वाटते त्यांनी त्यांची पत्रे वाचावीत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांनी जमवलेली ही पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 साली छापली. संपादन अ. भि. शहा यांचे. जेराल्डीनबाईंना त्या प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत आणि त्याच आजीबाईंशी पानेच्या पाने वाद घालत. त्रैक्याचा सिद्धान्त पटेपर्यंत मानणार नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको? पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे मुंबईचे आणि लाहोरचे बिशप म्हणतात, ते कोणत्या अधिकाराने? एका पुरोहितशाहीतून मान सोडवून घेतली ती दुसऱ्या पुरोहितशाहीत अडकवायला नव्हे, अशा अर्थाचे त्या स्पष्ट लिहितात. परक्या देशात, परक्यांच्या अन्नावर असताना! जेराल्डीनबाईंना हा अहंकार वाटला. मला तो विश्वासाचाच भाग वाटतो. ज्या देवावर विसंबायचे त्याच्याविषयी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेले त्यांना पुरेसे नव्हते. आणि इतके भांडूनही पत्रव्यवहार तुटला नाही. कडवट माणसाने पहिल्या दोन-तीन पत्रांतच संबंध संपवला असता.

1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही त्यांची शाळा निघाली, पुढे ती पुण्याला आली. 1893 साली वादळ उठले. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तिथे येऊन बसत. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. यात रमाबाईंची बाजू सर्वस्वी बरोबर होती असे मी म्हणणार नाही. विधवांचे हित पाहणाऱ्या त्या सुधारकांचीही अडचण खरी होती. पण सदन त्यांनी बंद केले नाही. त्यांची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई याच 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली. रमाबाईंच्या शाळेतली मुलगी हिंदूच राहून महाराष्ट्राच्या इतिहासात गेली, हे दोन्ही बाजूंच्या लोकांनी आठवावे.

याच सुमारास त्यांच्या आत काहीतरी पालटले. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी ‘साक्षी’त कबूल केले आहे. तोवर त्यांचा विश्वास बुद्धीने पडताळून घेतलेला होता. आता त्यावर भार टाकता येऊ लागला. पुढच्या कामाचा झपाटा पाहिला की याचा अर्थ कळतो.

1896 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तोंडाशी आलेली भाकरी न खाता गेलेली आई जिने पाहिली, ती बाई वीस वर्षांनी बैलगाड्यांतून आणि आगगाडीतून उपाशी मुली गोळा करीत हिंडू लागली. काही मुलींचे केस उवांनी भरलेले, काहींच्या अंगावर जखमा, काहींना दलालांनी गाठलेले. पुण्यात प्लेगचे दिवस, तेव्हा मुली केडगावला नेल्या. पुणे-दौंड रस्त्यावरच्या त्या उजाड जमिनीत विहिरी खणल्या, फळझाडे लावली, झोपड्या उभ्या केल्या आणि त्याचे मुक्तिसदन झाले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे दीड हजारांहून अधिक बायका-मुली राहत होत्या. माग होते, तेलाचा घाणा होता, गुरे होती, छापखाना होता. आंधळ्या मुलींसाठी वेगळी शाळा होती आणि मनोरमा त्यांना ब्रेल शिकवी.

दुःखातून काम उभे राहिले, हे वाक्य आपण सहज बोलून जातो. मी ते थोडे वेगळे मांडतो. रमाबाई काहीच विसरल्या नव्हत्या. दुष्काळातल्या मुली पाहून आपले जुने दिवस डोळ्यांसमोर उभे राहिले, असे त्यांनी लिहिले आहे. कडवट माणूसही विसरत नाही. पण त्याची आठवण त्याच्यापाशीच संपते. रमाबाईंना आपली भूक आठवली की दुसऱ्याची दिसे.

आणि सरकारलाही त्यांनी सोडले नाही. 1897 साली प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायकांची कशी हेळसांड होते याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिले. ख्रिस्ती बाईने ख्रिस्ती सरकारला चारचौघांत जाब विचारला.

एक आक्षेप मी टाळणार नाही. वृंदावनच्या विधवांविषयी, शास्त्री-पुजाऱ्यांविषयी रमाबाईंनी जे लिहिले ते काही ठिकाणी फार तिखट आहे. हिंदू वाचकाला ते बोचते. तो कडवटपणाच की, असे म्हणणारे आहेत. परदेशी देणगीदारांसमोर बोलताना त्यांचा तोल काही वेळा जातो, हे मला मान्य आहे. तरीही त्याला मी राग म्हणेन. त्या रागाच्या मागोमाग जेवणाचे ताट येत होते, आणि ज्यांच्यावर रागावल्या त्यांच्या लेकीबाळींसाठीच ते येत होते.

याच काळातले दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो बायकोला न विचारता. लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या, लोकांची बोलणी ऐकली, आजारी पडल्या. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या आणि 1900 साली स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’त हे सगळे आहे आणि वाचताना हसू आवरत नाही. नवऱ्याच्या विक्षिप्तपणाला त्या एकदाही पाठीशी घालत नाहीत आणि एकदाही विष कालवत नाहीत. रमाबाईंपाशी विनोद कमी होता. दोघींना एका मापाने मोजू नये. लक्ष्मीबाईंवर दोनच पाने खर्च केल्याबद्दल वाचक मला बोल लावतील, पण त्यांच्याविषयी लिहायचे तर वेगळे पुस्तक हवे.

या विषयाचा दुरुपयोग फार होतो, म्हणून थोडे रोखठोक. नवऱ्याचा मार खाऊन पाळकांकडे आलेल्या बाईला ‘आपापला वधस्तंभ वाहावा लागतो’ असे सांगून परत पाठवणारी वडीलधारी मंडळी मी पाहिली आहेत. हे ख्रिस्ती सांत्वन नव्हे, ही मारणाऱ्याला मदत आहे. पौलाने पुष्कळ सोसले, पण फटके मारायला बांधले तेव्हा त्याने रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला. फिलिप्पै येथे गुपचूप सोडू लागले तेव्हा अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन सोडावे म्हणून तो अडून बसला. आपल्याकडच्या दलित ख्रिस्ती लोकांना 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शिखांना तो 1956 साली मिळाला, बौद्धांना 1990 साली. त्यासाठी निवेदने देणाऱ्याला, मोर्चा काढणाऱ्याला कोणी ‘कटुता सोडा’ असा उपदेश करू लागला तर त्याला प्रेषितांची कृत्ये उघडून दाखवावीत. सोसणाऱ्याने सोसण्याविषयी बोलावे. सोसायला लावणाऱ्याने त्यावर प्रवचन देऊ नये.

शेवटचे प्रकरण मनोरमेच्या मृत्यूचे आहे आणि ते मुद्दाम लहान ठेवले आहे. आईचे काम पुढे चालवायला तयार झालेली ही मुलगी जुलै 1921 मध्ये चाळिसाव्या वर्षी गेली. रमाबाई त्या वेळी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या आपल्या सोप्या मराठी बायबलच्या कामात होत्या. छापखान्यात मुक्तिसदनातल्या बायकाच खिळे जुळवत. काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या आणि ते बायबल 1924 साली बाहेर पडले. त्या नऊ महिन्यांत त्यांच्या मनात काय चालले होते याची मी कल्पना लढवलेली नाही, वाचकांनीही लढवू नये.

पुस्तक उपवासकाळात वाचायला सोयीचे व्हावे अशी प्रकरणांची लांबी ठेवली आहे. मंडळीत मिळून वाचणार असाल तर प्रत्येक प्रकरणानंतर ज्याला बोलायचे आहे त्याला बोलू द्या आणि त्याची साक्ष अर्धवट राहिली तर तशीच राहू द्या. एक विनंती मात्र आहे. ज्याच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे त्याला हे पुस्तक भेट देऊ नका. ईयोबाचे मित्र सात दिवस-सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले होते, तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते. आधी जेवणाचा डबा घेऊन जा, मुलांना शाळेत सोडा, बँकेची कामे करून द्या. पुस्तक वर्षभराने द्या, आणि तेही त्याने मागितले तर.